पिवळा डाग

आमच्या खोलीतील पुस्तकांचे कपाट पाहून नव्या पाहुण्याची मुद्रा हमखास बदलते. वरच्या कप्प्यांत धर्मशास्त्राचे ग्रंथ, शब्दकोश आणि प्रवचनांच्या वह्या. ते तर धर्मगुरूच्या खोलीत अपेक्षितच असतात. परंतु सर्वांत खालच्या कप्प्यात फ्लॅश गॉर्डन विराजमान झालेला असतो! "फादर, ही पुस्तके मुलांसाठी ना?" असे कुणी विचारले, की आम्ही कित्येक वर्षे गुळमुळीत हसून वेळ मारून नेत असू. खरे उत्तर देण्याचा धीर आम्हांस अलीकडेच झाला. तो कसा झाला, तेच येथे सांगावयाचे आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही ती निघत असे. आमच्या पिढीतील मुले वेताळावर आणि जादूगार मँड्रेकवर जीव टाकीत. आमचा जीव मात्र अवकाशयानातून परग्रहावर जाणाऱ्या फ्लॅश गॉर्डनमध्ये गुंतला होता. एकेक अंक मागून, बदलून, क्वचित विकत घेऊन आम्ही एक पत्र्याची पेटी भरली. पुढे आम्ही सेमिनरीत गेलो आणि आईने ती पेटी रद्दीवाल्यापुढे रिकामी केली. तिच्या लेखी तो जुना कागद होता, आणि जुन्या कागदाला किलोवर भाव होता. तिला दोष कसा द्यावा?

ज्याला आम्ही 'मूळ अंक' समजून हळहळत होतो, तेही पुनर्मुद्रणच होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. फ्लॅश गॉर्डनचा जन्म ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांच्या रविवारच्या रंगीत पानावर झाला. 'बक रॉजर्स' या अवकाशकथेला तोड म्हणून किंग फीचर्स या संस्थेने अ‍ॅलेक्स रेमंड या तरुण चित्रकाराकडून ही मालिका काढून घेतली. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, तीच पाने 'किंग कॉमिक्स' या मासिकात पुन्हा छापली जाऊ लागली. अमेरिकेतील आरंभीची पुष्कळशी कॉमिक्स अशी वृत्तपत्रांतील चित्रांची पुनर्मुद्रणेच होती.

पुन्हा छापताना काही ना काही बदलतेच. दैनिकातील पट्टीच्या पहिल्या चौकटीत आदल्या दिवसाची आठवण करून दिलेली असते. पुस्तकात ती नकोशी होते, म्हणून कापतात. चौकटी पानाच्या मापाने लहानमोठ्या करतात. आमच्या 'इंद्रजाल'ने तर वेताळाच्या बेंगालाचे डेंकाली केले आणि सिंग चाच्यांचे सिंगा चाचे केले. हे सारे कळल्यावर आमचा छंद अधिकच वाढला. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून आणि परदेशात सेवा करणाऱ्या एका वर्गबंधूच्या सामानातून एकेक खंड येत गेला. किचन सिंक प्रेसने १९९० पासून काढलेले रेमंडचे सहा रंगीत खंड आले. रेमंडनंतर रविवारची पाने काढणाऱ्या मॅक रेबॉयचे डार्क हॉर्सचे खंड आले. मूळची रंगीत पाने त्यांत कृष्णधवल झालेली. मग २०११ पासून निघालेली आयडीडब्ल्यूची भव्य आवृत्ती आली. रेमंडचीच 'जंगल जिम' ही मालिका मूळ पानावर फ्लॅश गॉर्डनच्या माथ्यावर छापली जाई. तिला या आवृत्तीत तिची जागा परत मिळाली आहे.

ही पाने आज उपलब्ध आहेत याचे बरेचसे श्रेय सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबियर्ड या गृहस्थांना आहे. ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे कृष्णधवल मायक्रोफिल्म करून मूळ रंगीत गठ्ठे काढून टाकण्याचा सपाटा लावला होता. एकट्या माणसाला ग्रंथालये ते देईनात, म्हणून त्यांनी १९६८ मध्ये एक संस्था स्थापन केली आणि आपले घर रद्दीने भरून टाकले! तो संग्रह १९९८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला, तेव्हा त्यासाठी सहा मोठे ट्रक लागले. तेव्हा रद्दी विकणारी आमची आई एकटी नव्हती. मोठमोठी ग्रंथालये तिच्याच पंगतीला बसली होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या धर्मग्रामातील एक दहा-अकरा वर्षांचा वेदीसेवक मिस्सानंतर आमच्या खोलीत रेंगाळत असे. एके दिवशी आम्ही बाहेरून आलो तो त्या भव्य आवृत्तीचा पहिला खंड त्याच्या मांडीवर, आणि पानाच्या कडेला त्याच्या हळदीच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा. आमचा तोल गेला. जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. मुलगा उठला, पुस्तक जागेवर ठेवले आणि निघून गेला. पुढचे दोन रविवार तो वेदीवर दिसला नाही.

त्या दोन आठवड्यांत आम्हांस स्वतःचीच लाज वाटू लागली. मूळ पाने चाळली तर फाटतात, म्हणून ती वाचकांसाठी पुन्हा छापली. आणि आम्ही त्या छापील प्रतीलाच हात लावू देईना! पुनर्मुद्रणाचा सारा अर्थच आम्ही विसरलो होतो. तिसऱ्या रविवारी आम्ही पुस्तक पिशवीत घातले आणि त्याच्या घरी गेलो. "बाळा, चूक आमची झाली," एवढेच म्हणालो. त्याची आई संकोचून "असू द्या हो फादर" म्हणत राहिली. मुलाने मात्र आमच्याकडे न पाहता विचारले, "फादर, इंग्रजी मला नीट येत नाही. वाचून दाखवाल?"

आम्ही ओसरीवर बसून मराठीतून वाचू लागलो. चौथी-पाचवीतले 'इंद्रजाल'चे शब्द कुठून कोण जाणे, तोंडी येऊ लागले. मग मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग आला, तसा मुलगा थांबला. "याचे तोंड पिवळे का रंगवले आहे?"

पन्नाशी उलटेपर्यंत आम्ही ते चित्र किती वेळा पाहिले असेल. हा प्रश्न आमच्या मनात एकदाही उद्भवला नव्हता. आम्ही त्याला सांगितले, की त्या काळी अमेरिकेत पौर्वात्य माणसांविषयी भय आणि तिरस्कार होता. खलनायक हवा असला की कथाकार आशियाई चेहरा उचलीत. रेमंडचा हात थोर होता, पण हा डाग त्याच्या पानावर आहेच. "मग पुन्हा छापताना पुसला का नाही?" आम्ही म्हणालो, "पुसला असता, तर तू विचारले असतेस का?"

त्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि पान उलटले. पुढच्याच पानावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तो चपापला. आम्ही काही बोललो नाही. पुढची चौकट वाचायला घेतली.

खालचा कप्पा आता दर रविवारी रिकामा होतो. एखादा खंड परत येताना कोपरा दुमडून येतो. "ही पुस्तके कोणासाठी?" असे पाहुणे विचारतात, तेव्हा आम्ही आता न गुळमुळता सांगतो, "आमच्यासाठी आणि मुलांसाठी."