उठायचं कधी

घरभेटीत प्रार्थना कधी सुचवायची, हे मला एकतीस वर्षांत जमलेलं नाही. रविवारच्या उपदेशाबद्दल तसं म्हणणार नाही. तिथे मी बरा आहे आणि ते मला पुरतं ठाऊक आहे. पण कुणाच्या घरी खाटेच्या कडेला बसलेलो असताना, चहाची बशी खाली ठेवल्यावर, "प्रार्थना करू या का?" हे चार शब्द नेमके केव्हा काढायचे, यावर मी जेवढा विचार केला तेवढ्यात रोमकरांच्या पत्रावर भाष्य लिहून झालं असतं.

पाळकाची सेवा केलेल्याला ही अडचण समजावून सांगायला नको. आमेन म्हटलं की भेट संपली. घरातली बाई पदर सावरते, पोरं पुन्हा टीव्हीकडे वळतात, आपण चपला शोधतो. आणि तेव्हाच उंबऱ्यावर घरधनी आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, एक सांगायचं होतं." तासभर कांद्याचा भाव झाला, नातवाची दहावी झाली, सेक्रेटरींच्या कागाळ्या झाल्या, पोटातलं मात्र आमेननंतर वर येतं. प्रार्थना लवकर उरकली तर ते पोटातच राहतं. लांबवली तर दुसरा चहा येतो आणि माणसं घड्याळाकडे बघायला लागतात.

अकरा वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी असंच माझ्या मोटारसायकलचं हँडल धरलं होतं. हेल्मेट डोक्यावर चढलेलं होतं. पुढच्या वस्तीवर कॉटेज प्रार्थना होती. मी म्हणालो, "रविवारी बोलू." रविवारी ते आले नाहीत. चार महिन्यांनी दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी त्यांनी सदस्यत्वाचं पत्र मागितलं. मी सही केली. काय सांगायचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

खरं तर प्रार्थना मी कितीदा तरी निसटण्यासाठी केली आहे. मुकाट बसणं मला सोसत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, मग तोंड उघडलं आणि सगळं घालवलं. मला सातव्या मिनिटालाच वचन आठवतं.

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा कान गेला. डावा निम्म्यावर आहे. आवाजाला धक्का नाही. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, हे मी दर रविवारी मनात तपासून घेतो. पण उंबऱ्यावरचं बोलणं हळू असतं. ते आता माझ्यापर्यंत येतच नाही. मी हसतो, मान हलवतो, "प्रभू करील" म्हणतो. बहिऱ्या पाळकाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

दिवाळीच्या सुमारास नवऱ्याला नुकतीच माती दिलेल्या एका बाईंच्या घरून आम्ही निघालो. दारात त्या काहीतरी म्हणाल्या. मी म्हणालो, "छान, छान." रस्त्याला लागल्यावर माझा सहायक पाळक बराच वेळ गप्प होता. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणाला, "साहेब, त्या म्हणाल्या, माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही."

या मुलाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. उपदेश कागदावरून वाचतो, तोही खाली बघून. पंचांच्या बैठकीत कुणी टेबल आपटलं की याचं पाणी पाणी होतं. पाळकांच्या एका शिबिरात आम्हा सगळ्यांना चाळीस प्रश्नांचा कागद देऊन स्वभावाचे चार गट पाडले होते. मी 'पुढारी' निघालो. तो कागद मी जपून ठेवला आहे. बायकोला दोनदा दाखवला. हा मुलगा कशात निघाला ते मी विचारलंही नाही. असल्या शिबिरांवर माझा विश्वास नाही, पण निकाल मनासारखा लागला की माणूस वाद घालत नाही.

आम्हा नगरकडच्या पाळकांना रेव्हरंड टिळकांची बाधा आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी झुगारून देवाचा दरबार मांडायला निघालेला तो झंझावात. ज्याला त्याला रेव्हरंड टिळक व्हायचं असतं. लक्ष्मीबाई व्हायचं कुणाच्या मनात येत नाही. त्या झंझावाताबरोबर संसार त्यांनी केला, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांच्या हाताला छापखाना दिला आणि त्या स्वतः आयुष्याच्या अखेरीपर्यंत शास्त्राचं भाषांतर करत राहिल्या. रमाबाई त्या कागदाच्या कोणत्या चौकोनात मावल्या असत्या?

हल्ली तर मंचावरच्यांचाच काळ आहे. प्रार्थनेखाली कीबोर्ड वाजतो, अश्रू कुठे यायचे ते वाजवणाऱ्याला माहीत असतं. मी त्यांना नावं ठेवतो. पण त्यांचा हेवाही वाटतो, कारण कीबोर्डाशिवाय तेच काम मी वर्षानुवर्षं केलं आहे.

तर हा मुलगा. त्याच्याजवळ माणसं बोलतात, एवढं माझ्या लक्षात आलं. कसं, ते बघायला मी दिवाळीनंतर मुद्दाम त्याच्यासोबत फिरलो. प्रार्थना तो माझ्यासारखीच करतो, माझ्याहून वाईटच. पण तो नाड्यांचे बूट घालतो. आमेननंतर उंबऱ्यावर खाली बसतो आणि नाड्या बांधत राहतो. एक बांधून झाली की दुसरी. मान खाली. आणि त्या वाकलेल्या डोक्याशी माणसं बोलतात. जे माझ्या तोंडावर निघत नाही, ते त्याच्या टाळूशी निघतं.

मी त्याला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" तो गोंधळला. म्हणाला, "काय साहेब? नाड्या?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नाड्यांचे बूट आणले. बायको म्हणाली, "या वयात?" तिचं बरोबर होतं. पहिल्याच घरी उंबऱ्यावर वाकलो तर गरगरलं. घरधन्याने दंड धरून मला उभं केलं, पोराला बोलावून माझ्या नाड्या बांधायला लावल्या, आणि जे काही सांगायचं होतं ते तसंच राहिलं. ते बूट आता कपाटात आहेत.

मोशे जड जिभेचा होता म्हणून देवाने त्याच्यासाठी बोलायला अहरोन दिला. माझी जीभ चालते, कान जड आहे. म्हणजे अहरोनाची जागा माझी. ती घ्यायला माझी ना नाही. फक्त मोशे डोंगरावर असताना लोकांनी मागितलं ते वासरू ओतून देणाराही अहरोनच होता, हे मला रविवारी, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचल्यावर, आठवतं.

त्या बाईंकडे मी पुन्हा गेलो. लगेच नाही, नऊ दिवस लाजेत गेले. एकटाच गेलो. त्यांना डाव्या हाताला बसायला सांगितलं, का ते सांगितलं, आणि म्हणालो, "त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं." त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मला कळेना म्हणून आणखी एकदा, मोठ्याने. शेजारणीच्या घरातला कुकर शिट्टी देता देता थांबला होता; तिला नक्की ऐकू गेलं असणार.

मग आम्ही बसलो. मला वचन आठवलं, मी गिळलं. चहा आला नाही. चार शब्द जिभेवर आले, पण ज्या बाईच्याने प्रार्थना होत नाही तिच्यापुढे ते कसे काढायचे? बाहेर अंधारून आलं. शेवटी त्याच उठल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला उशीर होईल."

चपला दाराशीच होत्या. मी त्या घालायला बराच वेळ लावला.