मोत्याच्या गाठी आणि आपली जीवदया



आमच्या मोत्याला लिम्फोमा झाल्याचं कळल्यापासून अनेकींनी दोन प्रश्न विचारले. तो बरा होईल का? आणि नसेल, तर सुई देऊन त्याला सोडवणं पाप आहे का?

लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे गाठी येतात. त्या सहसा दुखत नाहीत. कुत्रा खातो, शेपूट हलवतो, म्हणून आपलं लक्ष जात नाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे आधी दिवसांचा हिशोब विचारला. उपचार नसेल तर साधारण चार ते सहा आठवडे. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर एक-दोन महिने. चार औषधांच्या केमोथेरपीने दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात, पण आजार बहुधा परततो. बी-पेशींच्या प्रकारात निम्मी कुत्री सुमारे वर्षभर जगतात, टी-पेशींच्या प्रकारात त्याहून कमी. दोन वर्षं गाठणारी थोडीच. माणसाइतका डोस देत नाहीत, म्हणून त्रासही कमी होतो.

मांजरांचं वेगळं. त्यांच्यात हा आजार जास्त करून आतड्यात होतो. उलट्या होतात, वजन उतरतं. लहान पेशींचा प्रकार असेल तर घरी गोळ्या देऊन दोन वर्षं आणि त्याहून जास्तही निघतात. मोठ्या पेशींचा असेल तर बहुतेकदा काही महिनेच.

मोत्या बारा वर्षांचा. महिनोन्महिने गाडीत घालून त्याला मोठ्या शहरात नेणं आम्हाला पटलं नाही. आम्ही गोळ्या निवडल्या. सात आठवडे मिळाले, त्यातले पाच चांगले गेले.

आता दुसरा प्रश्न. आपल्या कुंथलगिरीला १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. त्याचा दाखला देऊन कोणी म्हणतं, मग कुत्र्याला सुई दिली तर काय बिघडलं? मला ते पटत नाही. ते व्रत स्वतः, समजून-उमजून घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या वतीनं ते घेता येत नाही. मोत्यानं शेवटचे दोन दिवस अन्नावरून तोंड फिरवलं, तेव्हा आम्ही जबरदस्तीनं भरवलं नाही. पाणी जवळ ठेवलं, त्रास कमी करायचं औषध चालू ठेवलं. जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मीही त्याच्या कानाशी बसून तेच केलं.

मी सुई दिली नाही. पण श्वासासाठी तडफडणारा जीव बघवेना म्हणून जिनं दिली, तिला पापी म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गाठ लागली की आठवडाभर वाट बघू नका. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा, गाठीतल्या पेशी सुईनं काढून तपासून घ्या. केमोचा विचार असेल तर त्याआधी स्टेरॉइड सुरू करू नका, नाहीतर पुढची औषधं नीट लागू पडत नाहीत. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल.