अनुस्वार दिसतो का?

नवा फोन किंवा टॅब्लेट घ्यायचा झाला म्हणजे अमेरिकेत वाढलेली आमची मुले मेमरी किती, कॅमेरा कसा, बॅटरी किती तास चालेल, असे प्रश्न विचारतात. आम्ही दुकानात मांडून ठेवलेल्या नमुन्यावर 'सर्वांना' हा एक मराठी शब्द काढून पाहतो आणि तो नीट दिसला तरच किंमत विचारतो. मुलांना याचे हसू येते, येवो बापड्यांना. 'वा'च्या डोक्यावर रफार आणि रफाराच्या कुशीत अनुस्वार, एवढी दाटी इंग्रजीतल्या एकाही अक्षराच्या डोक्यावर नसते. ही दाटी ज्या पडद्याला झेपते तो आपल्या कामाचा. बाकीचे इंग्रजी वाचणाऱ्यांनी खुशाल घ्यावेत.

हा विषय आपल्या मासिकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण असे, की परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत मराठी आता कागदावरून फारशी येत नाही. ठाणे, अश्दोद, लोद, न्यू जर्सी, सगळीकडचे नातेवाईक एकमेकांना जे काही मराठीत लिहितात ते काचेवर उमटते. माझगाव-भायखळ्याच्या शाळांतून मराठी गिरवलेली आमची साठी-पासष्टीची पिढी ही काच नीट दिसली तर वाचते, नाही तर चष्मा काढून फोन बाजूला ठेवते. आमच्या घरात तर यजमान आणि आम्ही सोडून मराठी वाचणारे तिसरे कोणी नाही. मुलांना बोललेले कळते, नातवंडांना 'पाणी' आणि 'चल' एवढे कळते.

टिंबाची किंमत आम्हांला शाळेत कळली आणि नोकरीत पटली. शाळेत गुरुजी 'चिता' आणि 'चिंता' हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आणि दोहोंत फरक एका टिंबाचा, असे बजावीत. पुढे इथल्या इस्पितळात आम्ही तीस वर्षांवर परिचारिकेचे काम केले. औषधाच्या कागदावर १.० असे लिहिले आणि मधले टिंब पुसट असले, तर वाचणारा दहा वाचतो व रोग्याच्या अंगात दसपट औषध जाते. म्हणून अमेरिकेतल्या इस्पितळांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली वर्ज्य खुणांची जी यादी काढली तिच्यात पूर्णांकापुढे टिंब-शून्य लिहिण्यास मनाई केली, आणि एकाहून कमी मात्रा असेल तर टिंबाआधी शून्य घातलेच पाहिजे असा दंडक घातला. टिंब वाचणाऱ्याला दिसेलच असा भरवसा धरू नका, हा त्यातला विचार. आपल्या 'सर्वांना'तल्या टिंबाला असा पर्याय नाही. ते दिसलेच पाहिजे.

आता ते दिसते कसे, हे थोडे सांगतो. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. इंचभर जागेत ठिपके जितके जास्त तितके अक्षर रेखीव. २०१० साली निघालेल्या पहिल्या आयपॅडवर १०२४ गुणिले ७६८ ठिपके होते, म्हणजे इंचाला १३२. छापील मासिकाचे अक्षर दहा पॉइंटांचे धरले तर त्याची उंची इंचाच्या सातव्या भागाएवढी होते, आणि तेवढ्या उंचीत त्या पडद्याचे अठरा ठिपके बसतात. इंग्रजीला अठरा पुष्कळ झाले. आपल्याला मात्र त्या अठरांत वर मात्रा, रफार, अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षराचा देह, आणि खाली उकार, असा मजल्यांवर मजले चढवून संसार थाटायचा असतो. देहाच्या वाट्याला आठ-नऊ ठिपके उरतात. एवढ्यात घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांतला फरक दाखवायचा कसा? अश्दोदला राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीने एकदा 'फॉर्म भरला का?' असे विचारले होते. यजमानांनी ते 'फॉर्म मरला का?' असे मोठ्याने वाचले आणि दिवसभर फॉर्मच्या अंत्यविधीची चौकशी करीत बसले.

त्याच २०१० च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ४ लोकांपुढे आणला. त्याच्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके होते. दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूत इंचाला तीनशेच्या आसपास ठिपके झाले की माणसाच्या डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पडद्याला त्यांनी नाव दिले 'रेटिना', म्हणजे डोळ्यातले दृष्टिपटल. नाव विक्रीसाठी असले तरी हिशेब पोकळ नव्हता. डोळे तपासताना भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो तो हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. निरोगी नजरेची म्हणून जी ओळ त्यात आहे, तिच्या अक्षरांच्या रेघेची जाडी वीस फुटांवरून एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी भरते. तोच साठावा भाग बारा इंचांवर मोजला तर इंचाला सुमारे २८६ ठिपके होतात. तीक्ष्ण नजरेला याहून बारीक दिसते म्हणून काही जाणकारांनी तेव्हा हरकत घेतली होती. आमच्या वयाच्या डोळ्यांनी त्या वादात पडू नये.

टॅब्लेटला ही सुधारणा मार्च २०१२ मध्ये मिळाली. तिसऱ्या आयपॅडचा पडदा आकाराने पूर्वीएवढाच, पण ठिपके चौपट, इंचाला २६४. आम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि जवळचा चष्मा लागला होता. मुलीने तो आणून दिला, त्यावर आम्ही मराठीचे एक अख्खे छापील पान, न वाढवता, न सरकवता, वरपासून खालपर्यंत वाचून काढले. पडद्यावर असे पान वाचण्याची ती पहिलीच वेळ. इतका आनंद आम्हांला त्या यंत्राच्या दुसऱ्या कोणत्याही करामतीने झाला नाही.

अर्थात फुकट काही मिळत नाही. ठिपके बारीक झाले की मागच्या दिव्याचा उजेड त्यांतून कमी येतो, मग दिवा मोठा लागतो, दिव्याला बॅटरी मोठी लागते. त्या आयपॅडची बॅटरी आधीच्याच्या पावणेदोनपटीच्या जवळ गेली, वजन ६०१ ग्रॅमचे ६५२ झाले, आणि काम चालले ते पूर्वीएवढेच दहा तास. सातआठ महिन्यांत कंपनीने त्याच्या जागी चौथा आणला. त्याच सुमारास लहान आयपॅड मिनी निघाला, त्यावर इंचाला १६३ च ठिपके होते, तरी लोकांनी हौसेने घेतला. कारण उघड आहे. तो हातात हलका होता. रात्री अंथरुणावर पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला ठिपके कळत नाहीत, वजन कळते. पुढच्या वर्षी त्यालाही ३२६ ठिपके मिळाले.

उलट टोकही पाहून झाले. २०१५ साली सोनीने साडेपाच इंची पडद्याचा एक फोन काढला, त्यावर इंचाला ८०६ ठिपके. डोळ्याला त्यांचा उपयोग नाही आणि बॅटरीला ताप. खुद्द तो फोनही रोजची बहुतेक कामे कमी ठिपक्यांतच उरकत असे. आमच्या मते ही निव्वळ मिरवण्याची गोष्ट. किती ठिपके हवेत ते काम ठरवते. इस्पितळात स्तनांची क्ष-किरण चित्रे वाचण्यासाठी पन्नास लाख ठिपक्यांचे खास पडदे असतात, कारण तेथे मिठाच्या कणाएवढा पांढरा डागही सुटून चालत नाही. वॉर्डातल्या आमच्या टेबलावर मात्र साधा पडदा असे, आणि त्यावर काम अडत नसे.

मुलगी म्हणते, "आई, तुझे डोळे आता साठीचे, तुला बारीक ठिपके कशाला? अक्षर मोठे कर." मोठे करतोच. पण अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, मग बोटाने उजवीकडे सरकवा, पुन्हा डावीकडे या, तोवर वाक्याचे क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरलेला. शिवाय मोतीबिंदू धरू लागला की काळ्या-पांढऱ्यातला फरक मंदावतो. डोळा धूसर आणि अक्षरही धूसर, अशी दोन धुकी एकावर एक नकोत. डोळ्याचे धुके डॉक्टरच काढील. पडद्याचे तरी आपण विकत घेऊ नये.

आपल्या समाजाला तर दोन लिप्यांचा व्याप आहे. १८७४ साली पुण्यात छापलेला हिब्रू-मराठी हग्गादा पुष्कळांना ठाऊक आहे. त्याची पाने आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. तेथे मराठीच्या डोक्यावरची टिंबे आणि हिब्रूच्या पायाखालची टिंबे एकाच पानावर येतात. हिब्रूत अक्षराखाली दोन टिंबे म्हणजे त्सेरे, तीन म्हणजे सेगोल. पोटात टिंब असेल तर बेत, नसेल तर वेत. दालेत आणि रेश यांत फरक एका कोपऱ्याचा, आपल्या घ-ध सारखाच. खरबरीत पडद्यावर ही सगळी टिंबे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. मुखपाठ असणाऱ्याचे अडत नाही, शिकणारे पोर मात्र तेथेच अडते.

पडदा कितीही चांगला असला तरी मुळात चित्रात नसलेले तो दाखवू शकत नाही, हे आम्हांला आईच्या वहीने शिकवले. ही पाककृतींची वही बहिणीकडे आहे. आईने ती लग्नानंतर लिहायला घेतली, तेव्हा मापे शेर-रत्तलांची आणि पाव-अर्धा लिहिण्याची पद्धत जुनी: एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा करायचा म्हणून आम्ही ते पान मागवले. बहिणीने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. आमच्या हाताशी तेव्हा एक स्वस्त आठ इंची टॅब्लेट होता, इंचाला १८९ ठिपक्यांचा. साखरेपुढे '२' आणि त्याच्या शेजारी एक जाड काळा ओघळ. सव्वादोन, अडीच की पावणेतीन? फोन लावला, तर ती म्हणाली, "ताई, तुझा टॅब्लेट आंधळा झालाय, वही नाही. तीन रेघा आहेत, स्पष्ट."

मग मुलीचा चांगला टॅब्लेट आणून पाहिले, तरी ओघळ तो ओघळच. दोष एकट्या पडद्याचा नव्हता. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो आवळून लहान करते आणि त्यात अशा बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो. २०२३ च्या ऑगस्टपासून 'एचडी' असे बटणही आले आहे, त्यानेही बराच फरक पडतो. बहिणीने डॉक्युमेंट पाठवले आणि चांगल्या पडद्यावर तीन रेघा तीन सुया उभ्या कराव्यात तशा दिसल्या. स्वस्त टॅब्लेटवरही दिसल्या, पण पुष्कळ वाढवल्यावर.

वाचक बंधुभगिनींनी घरच्या वह्या, पत्रे, लग्नाच्या याद्या यांचे फोटो काढले असतील तर एकदा वाढवून पाहावेत. पान खिडकीशी ठेवून, उजेड बाजूने घेऊन, एका वेळी एकच पान काढावे. स्कॅनर असेल तर इंचाला तीनशेच्या खाली जाऊ नये. नवा टॅब्लेट घेताना पडद्यावरच्या आडव्या ठिपक्यांची संख्या पडद्याच्या इंचांतल्या रुंदीने भागावी. अडीचशेच्या पुढे उत्तर आले तर देवनागरीला पुरे.

बहीण आता दर आठवड्याला वहीची चार पाने पाठवते. जुना कागद तपकिरी ठिपक्यांनी भरला आहे आणि ते ठिपके नेमके शब्दांच्या डोक्यावर बसून अनुस्वार असल्याचा आव आणतात. चांगल्या पडद्यावर वाढवले की शाईचे टिंब निळे निघते आणि कागदाचे तपकिरी, तेवढ्यावरून आम्ही निवाडा करतो आणि यजमान दुसऱ्या वहीत उतरवून घेतात. नारळाच्या दुधाच्या पानावर पाण्याचा मोठा डाग आहे, तेथे निळे-तपकिरी काही कळत नाही. ते पान सकाळच्या उन्हात पुन्हा काढायचे तिने कबूल केले आहे.