नदीकांठचें अवधान

हल्लीं ‘माइंडफुलनेस’ हा शब्द आमच्या घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं वरचेवर ऐकूं येतो. शब्द इंग्रजी खरा, पण त्याचें बीज आपल्याच भूमींतलें आहे. पाली ग्रंथांतील ‘सति’ या शब्दासाठीं ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडितानें १८८१ सालीं तो योजिला. आणि ‘सति’ म्हणजे संस्कृतांतील ‘स्मृति’. येथें स्मृति म्हणजे गतगोष्टींची आठवण नव्हे, तर समोर जें आहे त्याचें भान सुटूं न देणें. मला विचाराल तर मी यास ‘अवधान’ म्हणेन. ३४ वर्षें वर्गांत ‘अवधान द्या’ म्हणून मुलांना बजावीत आलों. तें द्यावयाचें कसें, हें मात्र कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत छापलेलें नव्हतें! त्या सुत्तांत साधकास प्रथम अरण्यांत, झाडाच्या बुंध्याशीं किंवा एखाद्या रिकाम्या घरांत जाऊन बसावयास सांगितलें आहे. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांत रिकामें घर कोठून मिळणार? तेव्हां उरतें तें झाड.

आमचें घर वाईंत आहे. जुना वाडा पाडून तेथें सदनिका उभाराव्या कीं नाहीं, यावर आम्हां तिघां भावांत गेलीं दोन वर्षें एकमत नाहीं. एका पंक्तीस बसून जेवणारे आम्ही, पण पंक्तींतलें बोलणें मीठ-पाणी मागण्यापुरतें उरलें होतें. रात्रीं दोनला जाग यावी आणि मग पहांटेपर्यंत आढ्याकडे पाहत पडावें. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, एक गोळी लिहून दिली आणि रोज सकाळीं मेणवलीपर्यंत पायीं जाऊन येण्यास सांगितलें. मेणवली आमच्या घरापासून कोसभर. आज्ञेप्रमाणें चालूं लागलों. परंतु मनुष्य घराबाहेर पडला म्हणजे घर त्याच्या बाहेर पडतें असें थोडेंच आहे! पाय नदीकांठीं, तर मन वाड्याच्या ओसरीवर. भावास द्यावयाचीं उत्तरें वाटेनें तयार होत, आणि उत्तर जितकें तिखट तितकी चाल जलद. इतर फिरावयास येणारे तरी काय करीत होते? निवृत्तिवेतन, निवडणुका आणि कोणाच्या मुलाला किती पगार! नदी बिचारी उगीच वाहत होती.

एके दिवशीं थकून मेणवलीच्या घाटावर अगदीं खालच्या पायरीवर बसलों. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर एक खंड्या होता. तपकिरी डोकें, पांढरी छाती, निळी पाठ आणि लाल चोंच. तो हालेना. मान तेवढी किंचित् वळे. मग एकाएकीं त्यानें सूर मारला, मासा निसटला, आणि तो पुनः त्याच फांदीवर येऊन पूर्ववत् बसला. पंख झाडले, एवढेंच. निसटलेल्या मासळीविषयीं त्याची कांहीं तक्रार दिसली नाहीं. उठून घड्याळ पाहिलें तों पाव तास लोटला होता. आणि त्या पाव तासांत वाडा एकदांहि मनांत आला नव्हता.

असें कां व्हावें, याची उपपत्ति रेचल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकन दांपत्यानें १९८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वाचावयास मिळते. हिशेब, वाचन, वादविवाद यांसाठीं लागणारें अवधान बळेंच लावावें लागतें; तें थकतें, आणि तें थकलें कीं माणूस चिडखोर होतो. वाहतें पाणी, पानांची सळसळ, पक्ष्याची हालचाल यांकडे मन बळावांचून जातें, आणि तेवढ्या वेळांत थकलेल्या अवधानास विसावा मिळतो. मला हें पटलें. शाळेच्या शेवटच्या तासाला मुलें खिडकीबाहेर पाहत, तें निव्वळ उनाडपणामुळें नसावें. रॉजर उल्रिक यांनीं १९८४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून असें दाखविलें कीं, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, ते रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षां लौकर घरीं गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेंहि कमी लागलीं. रुग्ण अवघे ४६ होते, तेव्हां त्यावरून फार मोठा सिद्धान्त बांधूं नये. माझी गोळीहि मीं सोडलेली नाहीं. कोणी सोडूंहि नये.

माझा क्रम साधा आहे. जागा रोज तीच. भ्रमणध्वनि घरीं. प्रथम डोळे मिटून कानीं पडणारे आवाज एकेक ओळखावयाचे: पाणी, साळुंकी, दूरची मोटार. मग डोळे उघडून एकच वस्तु पाहावयाची. एखादें पान किंवा भोंवऱ्यांत फिरणारी काडीहि पुरते. मन वासरासारखें सुटून पळतें. त्यास मारझोड न करतां दावें धरून परत आणावें. पाव तासांत दहा वेळां आणावें लागलें तरी हरकत नाहीं. घाटाशीं कधीं प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. डोळे उघडे ठेवावयाचे म्हटल्यावर त्याहि दिसणारच.

एक गोष्ट मात्र मला खटकूं लागली. सकाळीं या वाटेवर भेटणारे बहुतेक पुरुष, आणि त्याच वेळीं घरोघरच्या स्त्रिया डबे भरण्यांत गुंतलेल्या. ज्यांचें अवधान दिवसभर दहा जणांच्या हांकांनीं तुटतें, त्यांना झाडाखालीं बसावयास पाव तास नाहीं, आणि आम्हां निवृत्तांना सारी सकाळ मोकळी! आतां आमच्याकडे दिवस वांटले आहेत. सोमवार, बुधवार व शुक्रवार सूनबाई नदीवर जाते आणि चहा मी करतों. चहा पहिल्या आठवड्यांत कोणास आवडला नाहीं. आतां निमूटपणें पितात.

वाड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. मात्र गेल्या महिन्यांत धाकट्यास बरोबर नेलें. अर्धा तास दोघेहि गप्प होतों. नंतर तोच म्हणाला, “दादा, मागील दारचा आंबा राहील असा नकाशा काढून मागूं या का?” मीं होकार दिला. नकाशा अद्याप आलेला नाहीं. येत्या रविवारीं मधलाहि येतों म्हणाला आहे. त्याचे गुडघे दुखतात, म्हणून रिक्षा सांगून ठेविली आहे.