मानस

गोव्यातल्या आमच्या कोरगावात मानस लाकडाची असते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधात चिऱ्यांनी बांधून काढलेलं एक तोंड, आणि त्यात एकाच बाजूला उघडणारी जाड फळ्यांची दारं. भरतीच्या पाण्याचा रेटा आला की ती चौकटीत घट्ट बसतात आणि खारं पाणी बाहेरच अडतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पाणी त्यांना आतून ढकलतं आणि खाडीकडे निघून जातं. माणसाने तिथे उभं राहायची गरज नाही. चंद्राच्या हुकमावर दिवसातून दोनदा मिटायचं आणि दोनदा उघडायचं. ज्यांनी हे दार पहिल्यांदा घडवलं त्यांना मी फार मोठी बुद्धिमान माणसं मानतो. मराठी वाचणाऱ्या बहुतेकांना मानस म्हणजे मन. आम्हाला मानस म्हणजे हे आपोआप चालणारं दार.

गेल्या वर्षी मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मी हाच शब्द विचारला. तिने मनाबद्दल लिहिलं, मानसरोवराबद्दल लिहिलं, तुलसीदासांपर्यंत गेली. मग मी म्हटलं, गोव्याच्या खाजनातली मानस सांग. क्षणात सूर बदलला. बांध, भरती-ओहोटी, मानशीच्या तोंडाशी लावायची जाळी, मासेमारीच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव, सगळं नेटकं मांडलं. मला खरोखर आनंद झाला. आमच्या पेडणे तालुक्याबाहेरच्या माणसाला मी ते इतक्या थोड्या ओळींत समजावू शकलो नसतो.

पुढे मी कोरगावाबद्दल विचारलं. खाजनातल्या खाऱ्या मातीत तग धरणारं आमचं तांबडं भात म्हणजे कोरगुट. त्या भातावरूनच गावाला नाव पडलं, असं तिने ठाम सांगितलं. लहानपणी मलाही असंच काहीसं वाटायचं, फक्त उलट: गावावरून भाताला नाव पडलं असेल. पण ते मला वाटायचं. वाटणं आणि माहीत असणं यांच्यामधला बांध मला त्या वयातही पायाखाली जाणवत होता. यंत्राच्या वाक्यात तो कुठेच लागला नाही. अफाट मजकूर वाचून, या शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव आहे ते पाहत ते वाक्य विणतं. मुंबईबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. कोरगावाबद्दल लिहिलेलं किती असणार? जिथे मजकूर विरळ होतो तिथेही वीण तेवढीच घट्ट दिसते. मला भीती वाटते ती याची.

तरीही यंत्राला कमी लेखावं असं मला वाटत नाही. भरतीचं गणित यंत्राने कधीच आपल्या हातातून घेतलं आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ च्या सुमारास कप्प्या आणि दोरी यांचं भरती सांगणारं यंत्र केलं. खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तसं एक यंत्र १८७९ मध्ये लंडनला तयार झालं. चंद्र-सूर्याच्या एकेका ओढीसाठी एकेक चाक. हँडल फिरवलं की वर्षभराच्या भरत्या कागदावर उमटत. आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेला मोसमी पावसाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर गेला. मध्येच पाऊस रेंगाळेल, हेही त्यात आधी सांगितलं होतं. पेरणी करावी की थांबावं या घोरात रात्र काढलेल्या कुणालाही त्या संदेशाचं मोल कळेल.

थांबायचं की नाही हे आमच्या शेजारचे काका पाणी चाखून ठरवत. खाजनात पहिले पाऊस पेरणीसाठी नसतात, मातीतलं मीठ धुऊन न्यायला असतात. जूनमध्ये काका वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत. "आजून खारट आसा," म्हणत आणि रुजत घातलेलं बी आणखी दोन दिवस घरातच राही. खारटपणा मोजणारं यंत्र आज मिळतं आणि त्याचा आकडा जिभेपेक्षा चोख असतो, हे मी मान्य करतो. पण काकांच्या जिभेवर नुसतं मीठ नव्हतं. माझ्या लहानपणी एका उधाणात बांध फुटला होता. पुढचे दोन हंगाम आमच्या कोपऱ्यात काही नीट आलं नाही. घरचं कोरगुटाचं बी संपलं, तेव्हा काकांनी त्यांच्या मुडीतलं बी मोजून दिलं आणि स्वतःचा एक वाफा रिकामा ठेवला. त्या रिकाम्या वाफ्याची आठवण घेऊन ते पाणी चाखत. उत्तर कुणीही काढून देईल. प्रश्न सुचायला मात्र काहीतरी गमावण्यासारखं असावं लागतं.

गेल्या कोजागिरीला मी गावात होतो. अर्धा तालुका पुनवेला पेडण्याला, भगवतीच्या देवळाकडे गेला होता. खाजनात कोरगुट पिकून वाकलेलं, आणि उधाणाची रात्र. काकांचं गणित जुनं: तिथीची पाऊणकी करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. माझा फोन अकरा वाजून चाळीस मिनिटं म्हणत होता, आणि फोनच बरोबर ठरला. काकांना ते सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. "बरां झालां," म्हणाले आणि बॅटरी घेऊन बांधावर चालू लागले.

चपला त्यांनी मानशीपाशीच काढल्या. मी मागून. बॅटरीचा उजेड ते पुढे टाकत होते, पण पाहत नव्हते. पाऊल टेकवायचे, थोडा भार द्यायचे, मग पुढचं पाऊल. शंभरेक पावलांवर ते थांबले.

"हंय पाय ठेव."

मी ठेवला. मला माती लागली, बस्स.

"आतां हंय."

एक वीत अलीकडे. मग परत पलीकडे. तिसऱ्या खेपेला टाचेखाली किंचित जास्त गारवा जाणवला, की काकांनी सांगितलं म्हणून जाणवला, कोण जाणे. काकांनी शेताच्या अंगाचं गवत बाजूला सारलं. कुर्लीच्या बिळातून करंगळीएवढी धार चांदण्यात चकाकत शेतात उतरत होती. मी चाखली. खारी.

चिखल आणि पेंढा मी आणून देत होतो, काका ठासत होते. ठासताना वाफ्यांची नावं घेत होते. कुणाचं भात परवा कापायचं आहे, कुणाचा मुलगा मुंबईहून यायचा आहे, कुठल्या घरी यंदा माणूस गेलं म्हणून तिथली कापणी आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. बीळ बुजलं तरी ते उठले नाहीत. पाणी फिरेपर्यंत बसायचं, म्हणाले. आम्ही बसलो. दूरवर पेडण्याच्या बाजूने कधी वाऱ्यावर ढोल ऐकू येई, कधी नाही.

अडीचच्या पुढे मानशीची दारं करकरली आणि शेतातलं पाणी हळूहळू खाडीकडे निघालं. तेव्हा कुठे काकांनी हात धुतले आणि चपला शोधायला लागले.