पाहिलेलं सांभाळणं

मोबाइलवरच्या खेळांचा विषय निघाला की आपल्या घरांत वाया जाणारा वेळ आणि बिघडणारे डोळे यांवरच बोललं जातं. ती तक्रार खरीच आहे. पण माझ्या सतरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून सामने बघताना मला या खेळांची आणखी एक बाजू कळली. ती इथे मांडते.

हे खेळ चार-पाच जणांच्या संघाने खेळायचे असतात. कुठून शिरायचं, कुणी कुठे दबा धरून बसायचं, हे आधी ठरतं. समोरच्याला ते कळलं, तर खेळात काही उरतच नाही. त्यातच इथे बघणाऱ्यांचीही सोय असते. बाद झालेला खेळाडू साथीदाराच्या नजरेतून पुढचा डाव बघतो. स्पर्धा मोठी असेल तर प्रेक्षक दोन्ही संघ एकदम बघतात. पत्त्यांच्या डावात सगळ्यांच्या पाठीमागे उभं राहून सगळ्यांचे पत्ते बघावेत, तसंच हे.

म्हणून मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण मुद्दाम थोडं उशिराने दाखवतात. बातमी शिळी झाली की फुटली तरी हरकत नाही. पण सगळंच असं नियमांनी झाकता येत नाही. 2012 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक स्पर्धेत प्रेक्षकांसाठीचा मोठा पडदा मान वळवली की खेळाडूंनाही दिसत होता. कोरियाच्या अझुबू फ्रॉस्ट संघातल्या खेळाडूने तिकडे पाहिलं आणि संघाला 30,000 डॉलर दंड झाला.

2020 मधलं ‘काउंटर-स्ट्राइक’चं प्रकरण याहून मोठं. त्यात प्रशिक्षकाला फक्त आपल्या खेळाडूंच्या नजरेतून सामना बघता येतो. पण खेळातल्या एका दोषामुळे कधीकधी त्याची नजर मैदानातल्या एखाद्या जागी अडकून राहायची आणि तिथून प्रतिस्पर्धी दिसायचे. पंचांना सांगायचं की गुपचूप बघत राहायचं, हे त्या एकट्या माणसावर होतं. जुन्या सामन्यांची नोंद तपासून ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने त्या सप्टेंबरमध्ये 37 प्रशिक्षकांवर बंदी घातली. सर्वांत मोठी बंदी तीन वर्षांची होती. ज्यांनी कबुली दिली, त्यांची शिक्षा कमी झाली. दोष यंत्राचा होता, पण गप्प बसले ती माणसंच.

हे सगळं मी इतक्या बारकाईने समजून घेतलं, कारण गेल्या वर्षी असाच प्रश्न आमच्या घरात आला. मुलाने संघ बदलला आणि एका छोट्या स्पर्धेत नेमकी जुन्याच संघाशी गाठ पडली. नव्या कर्णधाराने विचारलं, “ते आधी कुठे उतरतात? मग कुठल्या वाटेने येतात?” मुलगा म्हणाला, “मी जीव ओतून खेळेन, पण हे सांगणार नाही.” त्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. संघ हरला आणि खापर त्याच्यावर फुटलं. पुढचे काही आठवडे त्याला कुणी खेळायला बोलावलं नाही. तो जेवणाच्या दस्तरख्वानावरही गप्प असायचा.

त्याच्या अब्बांना हे पटलं नाही. ते म्हणाले, “बावर्ची एक हॉटेल सोडून दुसरीकडे गेला, तर हातातली चव तिथेच ठेवून जातो का?” प्रश्न बरोबर होता. मुलगा थोडा विचार करून म्हणाला, “अब्बा, नेम धरायला मी तिथे शिकलो, ते माझं. पण चौघांनी बसून जे ठरवलं, ते चौघांचं आहे. त्यातला मी एकटा ते कसं वाटू?”

मी शाळेत शिकवते. परीक्षेचे पेपर काढते, तेव्हा ते आठवडाभर आमच्याच कपाटात असतात. या घरात अमानत म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तरी त्याचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. त्याच्या अब्बांनी मान हलवली आणि ताटात आणखी एक रोटी वाढली.

मुलं किती वेळ खेळली, हे आपण रोज विचारतो. ते विचारावंच. पण कधी शेजारी बसून हेही विचारावं, “तुला आज कुणाचं काय दिसलं, आणि ते तू कुणाला सांगितलंस?”