तटाबाहेरची जमीन

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर सह्याद्रीच्या कडेकपारी पालथ्या घातल्या त्यांच्याइतकाच आनंद मलाही झाला. परंतु साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतची अकरा नावे महाराष्ट्रातील आणि बारावे तमिळनाडूतील जिंजीचे, अशी ती यादी वाचून संपली, आणि कन्हान, वैनगंगा, वर्धा व इरई या नद्यांच्या खोऱ्यांतील एकही नाव तीत नाही ही गोष्ट मनात राहून गेली. यात कोणी विदर्भावर अन्याय केला असे मला सुचवावयाचे नाही. त्या यादीचा विषय निराळा, तिचे निकष निराळे. मात्र आमच्याकडील किल्ल्यांकडे कॅमेरा घेऊन जाणारा मनुष्य फार क्वचित आढळतो, आणि ज्याचे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर वारंवार येत नाही त्याचा इतिहासही लोकांच्या बोलण्यातून हळूहळू निघून जातो, हे मी इतकी वर्षे पाहत आलो असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

मी कळमन्यात राहतो. नागपूरच्या पूर्वेकडील या वस्तीतून कोणताही किल्ला दिसत नाही. दिसते ती कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात शिरणाऱ्या मालमोटारींची रांग, मिरचीची लाल पोती, हंगामात संत्र्यांचे ढीग, आणि पलीकडे मालगाड्यांचा खडखडाट. तरीही किल्ल्यांचा अभ्यास करण्यास याहून योग्य ठिकाण नाही, अशी माझी आता खात्री झाली आहे. किल्ला म्हटले की आपण बुरूज आणि तोफा एवढेच मनात आणतो. पण कोणत्याही किल्ल्याच्या दप्तरात तोफांइतकाच, किंबहुना तोफांहून अधिक, हिशोब असे तो धान्याचा. शिबंदीला पोटगी कोठून द्यावयाची, अंबारखान्यात वेढ्याच्या दिवसांपुरती रसद आहे की नाही, परगण्याचा महसूल वेळेवर चढतो की नाही, यांवर किल्लेदाराची झोप अवलंबून असे. ज्या मुलखाच्या पिकावर रामटेक, पवनी, उमरेडकडील गढ्या आणि किल्ले पोसले गेले, त्याच मुलखाचे धान आणि मिरची आज पहाटे माझ्या दारावरून जाते, आणि ते घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांशी अडतीबाहेर चहा घेता घेता जे बोलणे होते, त्यातून मला ग्रंथांइतकेच शिकावयास मिळाले आहे.

नगरधनकडील अशाच एका वृद्ध शेतकऱ्याला मी तेथील किल्ल्याची छायाचित्रे दाखविली होती. वायव्येकडील महाद्वार अद्यापि चांगल्या अवस्थेत आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या कमानीची खोली आणि बुरुजांची वळणे अशी काही उठून येतात की, चित्र घेणाऱ्याचे फारसे कर्तृत्व त्यात उरतच नाही. वृद्धाने ती चित्रे आदराने पाहिली, आणि मग म्हणाला, “किल्ला त भोसल्याइचा हाय, भाऊ, पण वावरात नांगराले ज्या इटा लागते, त्या त्याच्या लय आधीच्या हाय.”

त्या एका वाक्यात नगरधनचा सारा इतिहास आला होता. आज उभा असलेला तट परंपरेने नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे तो फार तर तीनशे वर्षांचा. परंतु ज्या भूमीवर तो उभा आहे तो परिसर म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होय, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी ताम्रपटांच्या आधारे प्रतिपादिले. गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक नृपती द्वितीय रुद्रसेनाची राणी. पतीच्या अकाली निधनानंतर युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिने राज्याचा कारभार पाहिला, आणि पुणे ताम्रपट या नावाने प्रसिद्ध असलेले तिचे दानपत्र याच नंदिवर्धनाहून दिले गेले. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांनी नगरधन येथे उत्खनन केले, तेव्हा मातीची एक लंबवर्तुळाकार मुद्रा हाती आली. तिच्यावर शंखाची आकृती आहे आणि ब्राह्मी लिपीत त्या राणीचे नाव आहे. वजन ६.४० ग्रॅम, लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ज्या स्त्रीच्या आज्ञेने या मुलखातील गावे दान दिली जात, तिच्या सत्तेचा एवढा प्रत्यक्ष पुरावा बोटांच्या चिमटीत मावणारा असावा, आणि ज्या तटाकडे पाहून प्रवासी भारावतात त्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नसावा, हे कळल्यापासून नगरधनच्या महाद्वाराचे चित्र घेताना माझी दृष्टी पूर्वीसारखी राहिली नाही.

कॅमेऱ्याचा स्वभावच असा आहे की तो उभ्या वस्तूला मान देतो. ज्याची छाया पडते ते त्याला दिसते, आणि जे आडवे पडले, मातीखाली गेले, किंवा कागदावरच होते, ते त्याच्या दृष्टीने नाहीच. प्रत्येक ऐतिहासिक स्थळी जे उभे असते ते बहुधा सर्वांत शेवटी बांधलेले असते. म्हणून केवळ डोळ्यांना दिसते तेवढेच टिपणारा मनुष्य अभावितपणे शेवटच्या धन्याचाच इतिहास सांगत राहतो, आणि त्याच्या आधीचे सगळे धनी त्या चौकटीबाहेर तिष्ठत राहतात.

नागपूरच्या सीताबर्डीइतके याचे ठळक उदाहरण दुसरे नसेल. रेल्वे स्थानकासमोरच्या त्या दुहेरी टेकडीवरील तट दाखवून लोक सांगतात की, येथे अप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. आणि ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच असे चित्र उमटते की, या तटाआड कोणीतरी होते आणि कोणीतरी त्यावर चालून आले. वस्तुस्थिती अशी की, २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी जेव्हा पहिल्या गोळ्या सुटल्या, तेव्हा आजचा हा किल्ला अस्तित्वातच नव्हता. इंग्रजांचे रेसिडेंट जेंकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांनी रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी दोन उघड्या टेकड्या धरल्या होत्या. त्यांची फौज दीड हजाराच्या आतबाहेर, आणि समोर भोसल्यांची तिच्या अनेक पटींनी मोठी. रात्रभर झुंज चालली, सकाळी धाकटी टेकडी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी घेतली, आणि कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात उतरून चढाई केल्यावर पारडे फिरले. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सारे संपले होते. पुढे १८१८ च्या आरंभीच्या तहाने त्या टेकड्या इंग्रजांकडे गेल्या आणि तेथे तटबंदी उभी राहिली. म्हणजे आज जे दगड आपण पाहतो ते युद्धाचे साक्षी नसून युद्धाच्या निकालाचे आहेत. एक राज्य हतबल झाल्यानंतर त्याच्या राजधानीवर कायमची नजर ठेवण्यासाठी रचलेले.

हे स्थळ आज सैन्याच्या ताब्यात आहे, आणि २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या दिवशी लोकांना आत जाता येते. लष्करी ठाण्यात कॅमेऱ्याला मोकळीक नसावी हे योग्यच आहे. मी त्या दिवशी चित्रांच्या मागे न लागता केवळ उभा राहतो, आणि मनाने तट पुसून टाकून पाहतो. मग थोरल्या आणि धाकट्या टेकडीतील अंतर किती भयंकर कमी आहे, धाकटी हातची गेल्यावर थोरलीवरील माणसांची काय अवस्था झाली असेल, हे जसे कळते तसे कोणत्याही नकाशावरून कळत नाही.

गाविलगडाने मला हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखविली. चिखलदऱ्याजवळचा हा गड १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वलीने बांधविला. पुढे इमादशाहीत त्याचा विस्तार झाला, आणि दरवाजावर कोरलेला दुमुखी गंडभेरुंड पाहण्यासाठी तर प्रत्येकाने एकदा तेथे जावेच. उथळ कोरीवकामाचे चित्र घेण्याची एक रीत आहे. मध्यान्हीचे ऊन शिल्पावर सरळ पडले की सारे रेखाटन सपाट होते. तेच सूर्य भिंतीला जवळजवळ समांतर असेल अशी वेळ धरली, किंवा सावलीच्या भिंतीवर एका बाजूने दिव्याचा झोत टाकला, तर पुसट झालेली प्रत्येक रेषा आपली छाया घेऊन वर येते. शिलालेखांचे वाचक हीच युक्ती अक्षरांसाठी वापरतात, आणि मग ओल्या कागदावर शाईचा ठसा घेतात. कोरीव शिळेसमोर प्रकाशाची वाट पाहत दोन-तीन तास बसण्याइतके शिक्षण दुसऱ्या कशात नाही, कारण तेवढ्या वेळात मनुष्य ती शिळा नुसती पाहत नाही, वाचू लागतो.

गाविलगडाची जी चित्रे प्रसिद्ध होतात त्यांत दक्षिणेकडचा खोल कडा असतो, आणि तो पाहून गड अजिंक्यच वाटतो. परंतु डिसेंबर १८०३ मध्ये, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, गड पडला तो उत्तरेकडून, जेथे तो डोंगरी पठाराशी जोडलेला आहे. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने मेळघाटच्या दऱ्यांतून स्वतः रस्ते तयार करीत जड तोफा माणसांच्या हातांनी ओढत आणल्या. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेकडे होता. आणि १५ डिसेंबरला, भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढत पडल्यावर, गड इंग्रजांच्या हाती गेला. यापुढची हकीकत मला अधिक विचार करावयास लावते. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला, आणि त्यात नरनाळा व गाविलगड हे दोन्ही किल्ले लगतच्या चार लाख उत्पन्नाच्या महालांसह दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडेच ठेवण्यात आले. गेला तो कटकचा प्रांत, आणि गेले ते वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड. कापसाची ती काळी जमीन गेल्यावर दगडांचे हे दोन डोंगर राजाच्या कोणत्या कामाचे होते? विजेत्याला किल्ल्याची खरी किंमत पुरती ठाऊक होती, आणि म्हणूनच तो उदार होऊ शकला. कळमन्याच्या बाजारात वऱ्हाडी बोली कानावर आली की मला पुष्कळदा हा तह आठवतो.

गोंड राजांच्या बाबतीत तर चित्र आणि इतिहास यांची फारकत दुःखदायक म्हणावी इतकी मोठी आहे. १७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाने बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याच्या मागून चांद सुलतानाने राजधानीच येथे आणून शहराला तट आणि तलाव दिला. पुढे भोसल्यांच्या हाती सर्व सत्ता गेली, तरी नव्या भोसले राजाच्या कपाळी टिळा लावण्याचा मान आणि काही महसुली कागदांवर मोहर उमटविण्याचा अधिकार गोंड राजाकडेच राहिला. महालातील गोंड राजांच्या किल्ल्याकडे मी जातो तेव्हा या मोहरेचा विचार करतो. सैन्य नाही, खजिना नाही, पण जमीन मुळात कोणाची हे कागदावर कबूल केल्यावाचून कारभार पुढे सरकत नव्हता! आज त्या परिसरात कॅमेरा लावला तर दाट वस्ती, विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्या यांच्याखेरीज फार थोडे चौकटीत येते, आणि त्यामुळे हे शहर ज्यांनी वसविले त्यांचे एकही चित्र नागपूरकराच्या मनात स्थिर झालेले नाही.

चंद्रपूरचे भाग्य त्या मानाने मोठे. तेथील गोंडकालीन परकोट मैलोगणती उभा आहे, जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह अजून कोरलेला दिसतो, आणि तटावर माजलेली रायमुनिया व झुडपे तेथील तरुणांनी स्वतःच्या हातांनी महिनोन् महिने तोडून काढल्यामुळे पुष्कळ बुरूज पुन्हा उजेडात आले आहेत. या श्रमांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. पावसाळा सरताना, ओल्या दगडाचा रंग गडद असताना आणि सूर्य अद्याप सौम्य असताना पठाणपुऱ्याकडून घेतलेली चित्रे ही माझ्या संग्रहातील सर्वांत प्रिय चित्रे होत.

अलीकडे मी चित्र घेण्याचा क्रम बदलला आहे. प्रथम तटाबाहेरची जमीन टिपतो: नगरधनला धान कापल्यानंतरची वावरे आणि बांधावर काढून ठेवलेल्या विटा, गाविलगडाला उत्तरेकडची चिंचोळी वाट, चंद्रपुरास झरपट आणि इरई यांचा संगम. दरवाजा आणि बुरूज त्यानंतर. प्रत्येक चित्राच्या मागे शिसपेन्सिलीने तारीख, वेळ, दिशा आणि त्या भिंतीचे जेवढे धनी निश्चितपणे ठाऊक आहेत तेवढ्यांची नावे लिहितो. १८९७ मध्ये हेन्री कझिन्स यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी सिद्ध केली. अशा यादीच्या शेजारी आजचे चित्र ठेवले म्हणजे मधल्या सव्वाशे वर्षांत काय नाहीसे झाले ते स्पष्ट होते, आणि उद्या माझ्या चित्रांशेजारी कोणाला आपली चित्रे ठेवावयाची झाली तर त्याला माझी जागा आणि वेळ नेमकी सापडावी एवढीच या नोंदींमागची इच्छा आहे.

एका कामात मात्र माझा कॅमेरा असमर्थ आहे. चांद सुलतानाच्या नागपूरचा तट जवळपास सारा गेला. जुम्मा दरवाजा गांधीद्वार या नावाने उभा आहे, बाकीचे बरेचसे केवळ वस्त्यांच्या नावांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. पण महाल, इतवारी, सक्करदरा या भागांतील जुन्या वाड्यांमध्ये पेट्यांच्या तळाशी अशी छायाचित्रे निश्चित असतील की, ज्यांत वरात पुढे आहे आणि मागे, कोणाचेही लक्ष नसताना, एखाद्या दरवाजाची कमान किंवा पडक्या तटाचा तुकडा आला आहे. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ती फेकू नयेत. वरातीतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवर नावे आणि साल मागे लिहून घ्यावे, आणि एक प्रत १८६३ पासून या शहराचे अवशेष सांभाळीत आलेल्या अजब बंगला या संग्रहालयाकडे द्यावी. प्रत काढण्यासाठी मला बोलाविल्यास मी कळमन्याहून साहित्य घेऊन त्यांच्या घरी येईन. चित्र त्यांच्या नजरेसमोरच टिपले जाईल, आणि मूळ प्रत त्यांच्याच पेटीत राहील.